सर्वांसाठी खुला देह : शरीररचनेच्या मुक्त अध्ययनसाधनांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

शरीररचनाशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या पंडिताने कोणती वाहिनी प्रथम वर्णिली, कोणत्या ग्रंथाने कोणत्या जुन्या मताचे खंडन केले, ह्यांची नोंद त्यात व्यवस्थित सापडते. परंतु ज्या देहांवरून हे ज्ञान मिळाले ते देह कोणाचे होते, आणि त्या देहांचे दर्शन घेण्याची मुभा कोणाला होती, हे दोन प्रश्न अशा इतिहासात कडेला पडून राहतात. गेल्या तीस वर्षांत संगणक आणि इंटरनेट ह्यांच्या साहाय्याने मानवी शरीराची जी मुक्त अध्ययनसाधने निर्माण झाली, त्यांनी हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी पुढे आणले आहेत.

आज एखाद्या लहान गावातील विद्यार्थी एक पैसाही न भरता पडद्यावर मानवी देह उभा करू शकतो, तो फिरवून पाहू शकतो, त्वचा दूर सारून स्नायू उघडे करू शकतो आणि एखाद्या अस्थीवर बोट ठेवताच तिचे नाव वाचू शकतो. पाहणाऱ्याच्या कृतीला प्रतिसाद देणारी ही साधने परस्परक्रियाशील म्हणून ओळखली जातात. ती मोफत आहेत, म्हणून त्यांना ‘खुली’ असेही म्हटले जाते. पण खुलेपणा दोन प्रकारचा असतो. पाहणाऱ्याला दार उघडे असणे हा एक प्रकार. ज्याचे शरीर पाहिले जाते त्याने ते आपण होऊन उघडे केलेले असणे हा दुसरा. पहिल्या खुलेपणाची वाढ झपाट्याने झाली आणि दुसरा फार मागाहून, अडखळत आला, असे ह्या साधनांच्या इतिहासावरून दिसते. हे अंतर कसे पडले आणि ते कितपत भरून आले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात कालक्रमाने केला आहे.

२. कागदी पापुद्रे

पाहणाऱ्याच्या हाताला प्रतिसाद देणारे शरीरचित्र ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १५३८ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे हाइनरिख फोख्टहेर ह्या मुद्रकाने मानवी देहाची काही सुटी चित्रपत्रके प्रसिद्ध केली. त्यांत धडाच्या जागी एकावर एक चिकटविलेले कागदी पापुद्रे होते. वरचा पापुद्रा उचलला की आतील इंद्रिये दिसत. ती उचलली की त्यांखालील. ही पत्रके सुटी विकली जात आणि वैद्यकाची पदवी नसलेल्या माणसालाही ती घेता येत. एका इंद्रियाच्या मागे दुसरे दडलेले असते आणि पुढचे दूर केल्यावाचून मागचे कळत नाही, ही शवविच्छेदनातील मूळ शिकवण त्या कागदांनी हातात आणून दिली.

आंद्रेआस वेसालियस ह्याने १५४३ मध्ये बाझेल येथे आपला सात भागांचा महाग्रंथ छापविला, तेव्हा त्याच वर्षी विद्यार्थ्यांकरिता त्याचे एक संक्षिप्त रूपही काढले. ‘एपिटोमे’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संक्षेपात कापून एकमेकांवर चिकटविण्याजोगी चित्रे होती. विद्यार्थ्याने कात्री घ्यावी, सूचनांप्रमाणे इंद्रिये कापावी व ती आकृतीवर बसवावी, अशी योजना होती. हाताने केल्याखेरीज शरीर समजत नाही हा वेसालियसचा आग्रह त्यामागे होता.

मात्र ह्या कागदांमागील देह कोणाचे होते? वेसालियस पादुआ येथे शिकवीत असता तेथील एका न्यायाधीशाने देहान्त शिक्षा झालेल्या गुन्हेगारांची प्रेते त्यास मिळवून दिली. त्यापूर्वी लूव्हँ येथे असताना वधस्तंभावर टांगलेला एक सांगाडा त्याने गुप्तपणे उतरवून नेला होता, आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्या महाग्रंथाच्या मुखपृष्ठावर भरल्या सभेत जिचे विच्छेदन चाललेले दिसते ती स्त्रीदेखील शिक्षा झालेली होती. फाशी टळावी म्हणून तिने आपण गरोदर असल्याचे सांगितले होते. तिच्या संमतीचा विचारही त्या काळी कोणाच्या मनात आला नसता. प्रेत राजसत्तेच्या ताब्यातले. राजसत्तेने ते शास्त्राला दिले, एवढे पुरेसे होते.

३. लंडनचे चित्र आणि मुंबईचा चित्रकार

इंग्लंडमध्ये हीच पद्धत कायद्याने बांधली गेली. १७५२ पासून अंमलात आलेल्या कायद्याने खुनी माणसाचे प्रेत विच्छेदनासाठी देणे हा शिक्षेचाच एक भाग ठरला. प्रेते अपुरी पडू लागली तेव्हा थडगी उकरणाऱ्यांचा धंदा वाढला, आणि १८२८ मध्ये एडिंबरो येथे बर्क व हेअर ह्या दोघांनी शरीररचनेच्या अध्यापकास प्रेते विकण्यासाठी सोळा खून केल्याचे उघडकीस आले. त्यानंतर १८३२ च्या कायद्याने दरिद्रगृहांत व इस्पितळांत मरण पावलेल्या, कोणी हक्क न सांगितलेल्या माणसांची प्रेते विच्छेदनगृहांना उपलब्ध करून दिली. गुन्हेगाराची जागा गरिबाने घेतली. संमतीचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

ह्या कायद्याच्या छायेत लंडनमध्ये जो ग्रंथ तयार झाला तो पुढे शरीररचनेच्या मुक्त साधनांचा एक मोठा आधार ठरला. हेन्री ग्रे ह्याने मजकूर लिहिला व हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ह्याने चित्रे काढली. दोघांनी मिळून विच्छेदने केली आणि १८५८ मध्ये ३६३ चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध झाला. कार्टरच्या चित्रांचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. त्याने अवयवांची नावे त्या त्या अवयवावरच, त्याच्या वळणाला धरून लिहिली. चित्रावर ‘अ’, ‘ब’ अशा खुणा आणि पानाच्या तळाशी त्यांची सूची, अशी जी पद्धत अनेक ग्रंथांत होती, तीत विद्यार्थ्याची दृष्टी सतत वरखाली होत असे. कार्टरच्या चित्रांत नाव व वस्तू एकाच ठिकाणी भेटतात. आजच्या पडद्यावर अवयवाला स्पर्श करताच त्याचे नाव उमटते, त्या सोयीचे पूर्वरूप ह्या लाकडी ठशांत पाहावयास मिळते.

ग्रंथ बाहेर पडला तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हता. १८५८ मध्येच तो भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल होऊन मुंबईस आला व ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकवू लागला. पुढे तो त्या महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. पायाला गाठी येऊन त्या फुटतात व वाहत राहतात अशा ‘मायसेटोमा’ रोगावरील त्याचा ग्रंथ १८७४ चा. महारोगावरही त्याने मुंबई इलाख्यात दीर्घकाळ संशोधन केले. भारतात जवळजवळ तीस वर्षे घालवून १८८८ मध्ये तो निवृत्त झाला. ज्या चित्रांनी पुढे जगभर विद्यार्थी घडविले त्यांच्याबद्दल त्याला एकरकमी १५० पौंड मिळाले होते. ग्रंथाच्या विक्रीवरील मानधन ग्रेकडे गेले. मुखपृष्ठाच्या कच्च्या प्रतीवर कार्टरचे नाव लहान अक्षरांत छापावे अशी सूचनाही ग्रेने केली होती. चित्रकाराची ही उपेक्षा एवढ्यासाठी ध्यानात घ्यावयाची की देह देणाऱ्याच्या बाबतीत तीच अधिक तीव्रतेने घडली. कार्टरचे नाव लहान अक्षरांत का होईना छापले गेले. ज्यांची प्रेते त्याच्यापुढे मेजावर होती त्यांचे एकही नाव ग्रंथात नाही.

हा ग्रंथ सर्वांसाठी खुला झाला तो कोणाच्या औदार्याने नव्हे, तर कालावधीने. त्याच्या १९१८ च्या अमेरिकन आवृत्तीवरील प्रताधिकाराची मुदत सरली, आणि २००० मध्ये बार्टलबी ह्या संकेतस्थळाने ती १,२४७ चित्रांसह इंटरनेटवर मांडली. पुढे तीच चित्रे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात गेली. कार्टरच्या मूळ चित्रांपैकी कित्येक त्या आवृत्तीत टिकून होती. त्यामुळे आज कोणत्याही भाषेतील विकिपीडियावर एखाद्या अस्थीचे चित्र पाहणारा वाचक पुष्कळदा नकळत मुंबईच्या ह्या प्राध्यापकाच्या हाताचीच रेषा पाहत असतो.

४. दृश्य मानव

आतापर्यंत ज्या साधनांचा विचार झाला त्यांत देह आणि वाचक ह्यांच्यामध्ये चित्रकार उभा होता. तो निवड करीत असे, गौण तपशील गाळीत असे. १९८० नंतरच्या दशकात संगणकाची स्मरणशक्ती वाढू लागली तशी, चित्रकाराला वगळून प्रत्यक्ष देहच संगणकात साठवावा, ही कल्पना पुढे आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९८६ मध्ये आखलेल्या दीर्घकालीन योजनेत तिचे बीज आहे. पुढे ह्या प्रकल्पाचे काम कोलोरॅडो विद्यापीठाकडे सोपविण्यात आले. तेथे व्हिक्टर स्पिट्झर व डेव्हिड व्हिटलॉक ह्यांनी ते पार पाडले आणि ग्रंथालयाच्या वतीने मायकेल ॲकरमन ह्यांनी त्याची धुरा वाहिली. प्रकल्पाचे नाव ‘व्हिजिबल ह्यूमन’, म्हणजे दृश्य मानव.

पद्धत अशी होती. प्रथम संपूर्ण शवाच्या सीटी व एमआरआय प्रतिमा घेतल्या गेल्या. नंतर शव गोठवून त्याचे चार ठोकळे केले गेले आणि ते निळ्या जिलेटिनमध्ये बसवून उणे ७० अंश सेल्सियसपर्यंत थंड करण्यात आले. मग यंत्राच्या पात्याने ठोकळ्याच्या पृष्ठभागावरून एक मिलिमीटर जाडीचा थर खरवडून काढावयाचा, उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घ्यावयाचे, आणि पुन्हा एक मिलिमीटर खरवडावयाचे. अशी पुरुषदेहाची १,८७१ छायाचित्रे तयार झाली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. खरवडलेला थर जपून ठेवता येत नाही. त्याचा भुसा होतो. म्हणजे छायाचित्र घेतले जात असताना देह क्रमाक्रमाने नाहीसा होत जातो आणि शेवटी केवळ छायाचित्रेच उरतात. पूर्वीच्या विच्छेदनात निदान सांगाडा उरत असे.

पुरुषदेहाची ही सामग्री नोव्हेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा पसारा सुमारे १५ गिगाबाइट होता. सेकंदाला २८,८०० बिट वाहून नेणाऱ्या तत्कालीन मोडेमने ती उतरवून घ्यावयाची म्हटली असती तर अखंड सुमारे ४८ दिवस लागले असते. पुढील वर्षी स्त्रीदेहाची सामग्री आली. तिच्यात थराची जाडी एक तृतीयांश मिलिमीटर असल्याने छेदांची संख्या पाच हजारांवर गेली.

ही सामग्री परस्परक्रियाशील झाली ती इतरांच्या श्रमाने. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात ब्राउझरमध्येच चालणारा एक लहानसा जावा कार्यक्रम तयार झाला. त्यात देहाच्या कोणत्याही उंचीवर खूण केली की तेथील छेद पुढे येई. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रशास्त्र संस्थेने त्याहून पुढे जाऊन तिरक्या प्रतलातील छेद मागणीबरहुकूम काढून देणारी सेवा उभारली. देह कोणत्याही दिशेने कापावा आणि क्षणात पुन्हा सांधला जावा, ही सोय विच्छेदनगृहात कधीच शक्य नव्हती. कोरियात आजू विद्यापीठाने ०.२ मिलिमीटर जाडीचे छेद घेऊन असाच प्रकल्प केला आणि चीनमध्ये छोंगछिंग येथेही तसे काम झाले. पश्चिमेकडील दोन देहांवरून सर्व मानवजातीचे शरीर शिकविणे योग्य नाही, ही जाणीव त्यामागे होती.

५. ‘मोफत’ ह्या शब्दाचा अर्थ

दृश्य मानवाची सामग्री विनामूल्य होती, तथापि ती बिनशर्त नव्हती. ती हवी असणाऱ्यास ग्रंथालयाशी लेखी करार करून आपण तिचा काय उपयोग करणार हे कळवावे लागे. ही परवान्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली, म्हणजे सामग्री प्रसिद्ध झाल्यापासून जवळजवळ पाव शतक ती कायम होती. शिवाय छायाचित्राला रंग असतो, नाव नसते. कोणता ठिपका यकृताचा व कोणता प्लीहेचा हे जाणत्या माणसाने थराथराला ठरवावे लागते. ह्या कष्टसाध्य कामातून जी नामांकित प्रतिरूपे तयार झाली ती पुष्कळदा विक्रीला आली. कच्चा माल फुकट आणि पक्का माल विकत, अशी ही स्थिती होती.

डिसेंबर २०१० मध्ये गूगल कंपनीने ‘बॉडी ब्राउझर’ हे साधन प्रसिद्ध केले, तेव्हा ही स्थिती पालटल्यासारखे वाटले. ब्राउझरमध्येच त्रिमिती देह फिरविता येई आणि एका सरकपट्टीने त्वचा, स्नायू, अस्थी व नसा एकामागून एक पारदर्शक करता येत. फोख्टहेरचे पापुद्रेच जणू काचेचे झाले. परंतु पुढच्याच वर्षी गूगलने आपला प्रायोगिक साधनांचा विभाग बंद केला आणि त्याबरोबर हे साधनही त्याच्या छत्राखालून गेले. मूळ प्रतिरूप झायगोट ह्या कंपनीचे होते. तिने २०१२ मध्ये ते स्वतःच्या नावाने पुन्हा सुरू केले. ज्या अध्यापकाने आपला पाठ ह्या साधनावर बेतला होता त्याला ह्या उलाढालीत काहीही म्हणावयाचा अधिकार नव्हता. मोफत मिळालेली वस्तू आपल्या मालकीची नसते, एवढा धडा ह्यातून मिळाला.

तंत्राच्या बदलानेही असाच ऱ्हास घडविला. जावाचे लहान कार्यक्रम चालविणे प्रमुख ब्राउझरांनी २०१५ ते २०१७ ह्या काळात बंद केले. फ्लॅश ह्या तंत्राचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. महाविद्यालयांनी आणि हौशी अध्यापकांनी केलेली अनेक हलती शरीरचित्रे त्यामुळे मुकी झाली. १५४३ चा कागद आजही उलगडतो आणि वीस वर्षांपूर्वीचा पडदा उघडत नाही, ही विसंगती इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

ह्या पार्श्वभूमीवर जपानमधील एका प्रकल्पाचे महत्त्व कळून येते. टोकियो येथील जीवविज्ञान-विदासंग्रह केंद्राने ‘बॉडीपार्ट्स-थ्रीडी’ नावाचा संग्रह तयार केला व २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक अवयव सुटा ठेवलेला असून, वॉशिंग्टन विद्यापीठात सिद्ध झालेल्या शरीररचनेच्या संज्ञासूचीतील त्या त्या संज्ञेशी तो जोडलेला आहे. विशेष म्हणजे ही प्रतिरूपे अशा परवान्याखाली दिली गेली की मूळ निर्मात्याचा उल्लेख करून कोणीही ती घ्यावी, बदलावी आणि पुन्हा वाटावी. परिणाम असा झाला की मूळ केंद्राच्या बाहेरील लोकांनी त्यांवर पुढची इमारत उभारली. ‘झेड-ॲनाटमी’ हा मुक्त शरीरकोश ह्याच प्रतिरूपांवरून घडला. मालकाने दुकान बंद केले तरी वस्तू जगावी, ही व्यवस्था तंत्राने केलेली नाही. ती परवान्याच्या शब्दांनी केली आहे.

जपानी प्रकल्पाचा दुसराही एक विशेष आहे. त्याचा पाया असलेले ‘तारो’ हे पुरुषप्रतिरूप जिवंत स्वयंसेवकाच्या एमआरआय प्रतिमांवरून तयार झाले होते. त्या प्रतिमा २ मिलिमीटर इतक्या ठोकळ असल्याने सूक्ष्म भाग पाठ्यपुस्तकांच्या आधारे चित्रकारांना भरावे लागले आणि चित्रकार अशा रीतीने पुन्हा परतला. परंतु वधस्तंभ आणि दरिद्रगृह ह्या दोहोंना वगळून सर्वांसाठी खुला देह उभा करता येतो, हे ह्या प्रतिरूपाने दाखविले.

६. संमती

आता मूळ प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. दृश्य मानवातील पुरुष कोण होता? ग्रंथालयाने त्याचे नाव दिले नव्हते. पण वय, राज्य आणि मृत्यूचा प्रकार ह्यांवरून वृत्तपत्रांनी ते लवकरच शोधून काढले. तो जोसेफ पॉल जर्निगन. टेक्सास राज्यात खुनाच्या आरोपावरून त्यास देहान्त शिक्षा झाली होती आणि ५ ऑगस्ट १९९३ रोजी विषारी इंजेक्शनाने ती अंमलात आली. त्याने मृत्यूपूर्वी आपला देह शास्त्रासाठी देण्याच्या कागदावर सही केली होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने संमती होती. वेसालियसच्या मुखपृष्ठावरील स्त्रीला जे विचारले गेले नव्हते ते त्याला विचारले गेले, हे मान्य केले पाहिजे.

तथापि त्या संमतीचा आशय काय होता? ‘शास्त्रासाठी देह’ ह्या शब्दांतून एखाद्या महाविद्यालयातील विच्छेदनमेज, काही विद्यार्थी आणि काही महिन्यांनी अंत्यसंस्कार एवढे चित्र उभे राहते. आपल्या देहाचे १,८७१ छेद होतील, ते जगातील कोणालाही पाहता येतील आणि त्यांना शेवट असणार नाही, हे सही करणाऱ्यास ठाऊक असणे शक्य नव्हते. शिवाय मृत्यूची तारीख शासनाने ठरविलेली असताना तुरुंगाच्या भिंतीआड दिलेली संमती कितपत स्वतंत्र मानावी, हाही प्रश्न आहेच.

१९९५ मध्ये व्हिएन्ना येथील काही वैद्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकातून ह्याच मुद्द्यावर आक्षेप घेतला. आक्षेप त्या नगरातून यावा हे अर्थपूर्ण आहे. तेथील एडुआर्ट पेर्नकोप्फ ह्याचा शरीरचित्रसंग्रह रेषेच्या सूक्ष्मतेमुळे जगभर नावाजला गेला होता; परंतु त्याच्या संस्थेला नाझी राजवटीत देहान्त शिक्षा दिलेल्या किमान १,३७७ माणसांची प्रेते मिळाली होती, असे विद्यापीठाच्या चौकशीतून १९९८ मध्ये निष्पन्न झाले. ह्या दोन घटना एकाच मापाने मोजता येणार नाहीत. एकीकडे राजकीय संहार होता आणि दुसरीकडे न्यायालयीन शिक्षा व सही होती. पण चित्राची उत्कृष्टता देहाच्या उगमाविषयीचा प्रश्न मिटवू शकत नाही, हे तत्त्व दोहोंना सारखेच लागू पडते. विच्छेदनासाठीचे देह स्वेच्छेच्या व जाणत्या दानातूनच यावेत, ही दिशा शरीररचनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये आपल्या शिफारशींतून स्पष्ट केली.

ह्या दिशेने गेलेले एक उदाहरण त्याच कोलोरॅडो विद्यापीठात घडले. सूझन पॉटर ह्या वृद्ध बाईंनी २००० मध्ये आपण होऊन स्पिट्झर ह्यांच्याशी संपर्क साधला. देह कसा गोठविला जातो व कसा खरवडला जातो हे आपल्याला दाखवावे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यांनी ती यंत्रे पाहिली. त्यानंतर त्या पंधरा वर्षे जगल्या, विद्यार्थ्यांना भेटल्या, बोलल्या. २०१५ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांच्या देहाचे सुमारे २७,००० छेद घेण्यात आले. प्रारंभी स्पिट्झर ह्यांना त्यांचा देह नको होता, कारण तो शस्त्रक्रियांनी व व्याधींनी भरलेला होता आणि प्रकल्पाला निरोगी देह हवे होते. पॉटर बाईंनी तो विचार बदलावयास लावला. वैद्यांकडे येणारी माणसे व्याधिग्रस्तच असतात. मग शिकण्याचा देह निर्दोष कशाला हवा?

ह्या प्रश्नाला एक शास्त्रीय बाजूही आहे. जर्निगनचा देह ‘सामान्य’ म्हणून निवडला गेला, तरी त्यात आंत्रपुच्छ नव्हते आणि एक वृषणही नव्हता. दोन्ही पूर्वीच काढून टाकलेले होते. रक्तवाहिन्यांच्या शाखा तर माणसागणिक निराळ्या असतात. श्रोणीतील एक धमनी कित्येकांत नेहमीच्या वाहिनीऐवजी पोटाच्या भिंतीकडे जाणाऱ्या वाहिनीतून निघते, आणि हर्नियाची शस्त्रक्रिया करणाऱ्याने हे जाणले नाही तर रोग्याच्या जिवावर बेतते. एकाच देहाच्या हजारो छेदांत असा पर्याय सापडत नाही. विच्छेदनगृहात शेजारच्या मेजावर दुसरा देह असतो आणि तो पहिल्यासारखा नाही हे विद्यार्थ्याला तत्काळ दिसते. पडद्यावर मात्र एकच देह कोट्यवधी वेळा दिसतो आणि अतिपरिचयाने तोच नियम वाटू लागतो.

७. उपसंहार

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हा इतिहास परका नाही. १९४९ च्या मुंबई शरीररचना अधिनियमाने ह्या राज्यात हक्क न सांगितलेली प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद केली. १८३२ च्या इंग्रजी कायद्याशी तिचे नाते उघड आहे. स्वेच्छेचे देहदान त्यानंतर वाढत गेले. २०१९ पासून भारतातील वैद्यकीय अभ्यासक्रमात प्रेत हा आपला पहिला गुरू ह्या विषयावर स्वतंत्र पाठ ठेवण्यात आला आहे, आणि अनेक महाविद्यालयांत विच्छेदनास प्रारंभ करण्यापूर्वी विद्यार्थी त्या देहापुढे कृतज्ञतेची शपथ घेतात.

पडद्यावरच्या देहापुढे अशी शपथ घेतली जात नाही, कारण तेथे कोणी आहे असे वाटत नाही. २०२० मध्ये महामारीमुळे विच्छेदनगृहे बंद पडली तेव्हा असंख्य विद्यार्थ्यांनी केवळ पडद्यावरून शरीररचना शिकली. साधने खुली होती म्हणूनच ते शिक्षण चालू राहिले. त्या खुलेपणाचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. प्रेताची उणीव, संस्थेची गरिबी आणि गावाचे अंतर ह्या तिन्ही अडचणी त्याने बऱ्याच अंशी दूर केल्या. पण मोफत असणे म्हणजे कोणाचेही देणे नसणे नव्हे. वेसालियसच्या काळी ते देणे वधस्तंभाचे होते, ग्रे आणि कार्टर ह्यांच्या काळी दरिद्रगृहाचे, १९९४ मध्ये तुरुंगाचे. जपानमधील जिवंत स्वयंसेवक आणि यंत्र पाहून संमती देणाऱ्या पॉटर बाई ह्यांच्यापाशी ते प्रथमच खऱ्या अर्थाने दान झाले.

शरीररचनेचे मुक्त साधन निवडणाऱ्या अध्यापकाने त्याची अचूकता पाहावी, परवाना पाहावा, ते किती काळ टिकेल हे पाहावे. त्याबरोबर त्याने आणखी एक चौकशी करावी : हा देह कोणाचा, आणि त्याने तो कशासाठी दिला होता? ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक साधनाच्या पहिल्या पानावर असले पाहिजे. ते जेथे नसेल तेथे साधन मोफत असेल. त्यास खुले म्हणणे कठीण आहे.